‘केरा’ काळी झाली, ‘मोरणा’ अजून हिरवीच

माझ्या कल्पित कोयना लाइट रेल्वेच्या दोन वाफेच्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृतींपैकी ‘केरा’ गेल्या आठवड्यात पूर्ण झाली आणि ‘मोरणा’चे रंगकाम अर्ध्यावर आले आहे. मागील नोंदीत दोन्ही इंजिने प्राइमरच्या करड्या रंगात होती. त्यानंतरच्या तीन महिन्यांत जे साधले, जे बिघडले आणि जे पुसून पुन्हा करावे लागले, त्याचा हा हिशेब आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगायला हवे की ही रेल्वे कधीच अस्तित्वात नव्हती. कऱ्हाड स्टेशनपासून कोयनेच्या खोऱ्यातून पाटणमार्गे हेळवाकपर्यंत जाणारा ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फुटी गेजचा (रुळांमधल्या अंतराचा) हा मार्ग मी कल्पनेने आखलेला आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे याच गेजवर १८९७ मध्ये सुरू झाली. तिचे यश पाहून कोणा भांडवलदाराला सातारा जिल्ह्यातही असाच मार्ग टाकण्याची बुद्धी झाली असती तर काय झाले असते, एवढ्याच प्रश्नावर हा सारा डोलारा उभा आहे. बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, म्हणून माझी कंपनीही मी त्याच वर्षी सरकारजमा केली. कोयना धरणाचे बांधकाम १९५६ मध्ये सुरू झाल्यावर सिमेंट आणि यंत्रसामग्री वाहून नेण्याचे काम या मार्गाला मिळाले, आणि माझ्या मांडणीतील काळ १९६२ च्या हिवाळ्याचा, म्हणजे धरण जवळजवळ उभे राहिलेले असतानाचा, ठरला. कंपनीच्या काळात इंजिनांना पाटण परिसरातील नद्यांची नावे दिली जात, असे मी ठरवून टाकले आहे. ‘वांग’ हे नाव तिसऱ्या इंजिनासाठी राखून ठेवले आहे.

प्रमाण १:८७ आहे. त्या प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ मिलिमीटर होतात, त्यामुळे एन स्केल या आणखी लहान मॉडेल-प्रमाणाचा ९ मिलिमीटरचा रूळ आणि एन स्केलचीच यंत्रे चालून जातात. दोन्ही इंजिनांच्या पोटात जुनी जपानी २-६-२ (पुढे दोन, मध्ये सहा, मागे दोन चाकांची) यंत्रे आहेत आणि वरचा साज छोट्या गेजवर रूढ असलेल्या झेडबी वर्गाच्या इंजिनांच्या धाटणीचा आहे. चाके मापापेक्षा किंचित मोठी दिसतात, हे मला ठाऊक आहे; फूटप्लेटची (बॉयलरशेजारच्या चालण्याच्या पट्टीची) कड अर्धा मिलिमीटर खाली आणून मी ते शक्य तेवढे झाकले आहे आणि याहून अधिक काही करणार नाही.

आता रंगाकडे येतो. कंपनीचा रंग बाटलीहिरवा असावा, हे मी कऱ्हाड स्टेशनाजवळच्या ओगलेवाडीमुळे ठरवले. जिथल्या कारखान्यातून प्रभाकर कंदील घरोघरी गेला, त्या काचगावाच्या शेजारून निघणाऱ्या गाडीला काचेचा हिरवा शोभतो, यापलीकडे त्याला काही आधार नाही. तामिया या कंपनीच्या मॉडेल-रंगांपैकी एक्स-५ हिरव्याचे पाच भाग, एक्स-१ काळ्याचे दोन आणि एक्स-८ लिंबूपिवळ्याचा अर्धा, असे मिश्रण शेवटी मनासारखे जमले. पिवळा नसेल तर हा हिरवा विजेच्या दिव्याखाली निळसर मारतो.

मात्र १९६२ मध्ये ‘केरा’ हिरवी असून चालणार नव्हते. सरकारी ताब्यानंतर वर्कशॉपमध्ये गेलेले प्रत्येक इंजिन काळे होऊन बाहेर आले असणार, आणि घाईघाईने दिलेला तो काळा आठ वर्षांत जागोजागी उडून खालचा हिरवा डोकावू लागला असणार. हा परिणाम साधण्यासाठी हिरव्यावर चमकदार क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) थर, त्यावर बाजारात मिळणाऱ्या साध्या हेअर स्प्रेचे दोन हलके हात आणि त्यावर काळा, अशी रचना केली. काळा सुकल्यावर तासाभराच्या आत ओल्या ब्रशने आणि दात कोरण्याच्या काडीने घासले की पाण्याने स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग नेमका उडतो. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात तर तो सहजासहजी सुटत नाही. काळा म्हणजे निव्वळ एक्स-एफ-१ (मॅट काळा) वापरू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण एवढ्या लहान मापात शुद्ध काळ्यात रिव्हेट आणि सांधे बुडून जातात. मी करडेपणाकडे झुकणाऱ्या काळ्या एक्स-एफ-६९ मध्ये चौथा भाग एक्स-एफ-१ आणि तांबूस तपकिरी एक्स-एफ-६४ चे चार थेंब घालतो.

पहिल्या प्रयत्नात मी वाहवत गेलो. बॉयलरच्या पाठीवर, डोमवर (बॉयलरवरच्या घुमटावर) आणि स्मोकबॉक्सवरसुद्धा (पुढच्या धुराच्या पेटीवरसुद्धा) हिरवे ठिपके काढले आणि इंजिन गजकर्ण झाल्यासारखे दिसू लागले. माझे मामा मिरजेच्या शेडमध्ये फायरमन होते. त्यांना छायाचित्र पाठवले, तर त्यांचा फोन आला.

“हे काय केलंस रे? बॉयलरवर कोण चढून नाचतंय? माणसाचा हात नि पाय कुठं लागतो ते बघ आधी.”

मग त्यांनी अर्धा तास एका पाळीत फायरमन कुठे कुठे पाय ठेवतो ते क्रमाने सांगितले: कॅबची पायरी, टेंडरची (कोळसा-पाण्याच्या मागच्या डब्याची) पुढची कड, पाणी भरताना टाकीच्या तोंडाभोवतीची जागा, वाळू भरताना सँडबॉक्सच्या शेजारची फूटप्लेट. स्मोकबॉक्सविषयी ते म्हणाले की तो तर हिरवा कधी नव्हताच; तिथल्या उष्णतेपुढे साधा रंग टिकत नाही, त्यामुळे कंपनीच्या काळातही तो काळाच असणार आणि काळ्याखाली काळाच निघणार. मी इंजिनाच्या पुढच्या भागाचे सगळे रंगकाम आयसोप्रोपिल अल्कोहोलने उतरवले आणि पुन्हा सुरुवात केली. कल्पनेतल्या रेल्वेला कोणी चूक दाखवणार नाही, या समजुतीत मी होतो. पण जिथे ताडून पाहायला छायाचित्रच नसते, तिथे प्रत्येक डागाला कारण द्यावे लागते आणि हे काम अस्सल इंजिनाची प्रतिकृती करण्यापेक्षा जास्त वेळ खाते. आता हिरवा फक्त पाच जागी दिसतो आणि त्यांतल्या दोन जागा इंजिन उचलून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.

अक्षरांची चूक मात्र निव्वळ आळशीपणाची होती. आज कऱ्हाड मध्य रेल्वेवर आहे, म्हणून मी टेंडरसाठी ‘म. रे.’ अशी पिवळी डिकल (पाण्याने चिकटवायची छापील अक्षरे) छापून घेतली. घरचा लेझर प्रिंटर गडद रंगावर चालणारा पिवळा देत नाही, त्यामुळे ती बाहेरून करावी लागली आणि स्वस्तही पडली नाहीत. लावायच्या आदल्या रात्री लक्षात आले की पुणे–मिरज हा तेव्हा मीटर गेज असलेला मार्ग मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा होता आणि ती कंपनी १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत विलीन झाली. हा मार्ग पुढे जिच्याकडे गेला त्या दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना १९६६ ची. म्हणजे १९६२ मध्ये माझ्या मार्गाचे मालक मद्रासला बसलेले असणार. नवीन डिकल ‘द. रे.’ अशी तीन मिलिमीटर उंचीची करून घेतली, चमकदार क्लिअरवर बसवली आणि रिव्हेटवर नीट बसावीत म्हणून डिकल मऊ करणाऱ्या मायक्रो सोलचे तीन हात दिले. जुन्या डिकलचा संच डब्यात पडून आहे. कोणी मध्य रेल्वेत गेलेल्या बार्शी लाइनचे इंजिन करत असेल तर कळवावे.

बारीक कामांपैकी हाताच्या दांड्या ०.३ मिलिमीटर पितळी तारेच्या आहेत आणि त्यांसाठी ०.३५ मिलिमीटरच्या ड्रिलने एकूण २६ भोके पाडली, ज्यांतली तीन तिरकी गेली आणि भरून पुन्हा पाडावी लागली. इंजेक्टरच्या (बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या साधनाच्या) नळ्या गिटारच्या तारेच्या आहेत. टेंडरमध्ये खरा दगडी कोळसा कुटून, चाळून, पातळ केलेल्या फेविकॉलने बसवला आहे. त्यावर मुलीने जिद्दीने केलेले फावडे ठेवले आहे. ते मापाने मोठे आहे आणि तिथेच राहणार आहे.

मळवण्याच्या कामात सर्वांत जास्त विचार धुळीचा करावा लागला. कऱ्हाडच्या बाजूला काळी माती आहे आणि वर हेळवाककडे जाताना जांभा दगडाची लाल धूळ सुरू होते. रोज दोन्ही टोकांना जाणाऱ्या इंजिनावर दोन्ही बसणार, पण सारख्या बसणार नाहीत. चाके, ब्रेकचे साहित्य आणि पायऱ्यांवर मी काळपट करड्याचा हात आधी दिला आणि लाल पिगमेंट पावडर केवळ फूटप्लेटच्या कोपऱ्यांत, म्हणजे पाण्याने धुऊन जमा होईल अशा ठिकाणी, बारीक ब्रशने भरली. कोयनानगरच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; तिथे इंजिनाच्या माथ्यावर धूळ साठून राहत नाही, ती ओघळते. म्हणून कॅबच्या छपरावर गंजाचे ओघळ आहेत, धूळ नाही. वॉशआउट प्लगखाली (बॉयलर धुण्याच्या भोकांच्या बुचांखाली) आणि सेफ्टी व्हॉल्व्हभोवती पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ओघळ ऑइल पेंटने ओढले आणि थिनरमध्ये बुडवून निथळलेल्या सपाट ब्रशने खाली ओढत नेले. पावसाळ्यात कॅबच्या उघड्या बाजूंना बांधायचे ताडपत्रीचे पडदे टिश्यू पेपरचे केले आहेत, पण हिवाळा असल्याने ते गुंडाळून छपराच्या कडेला बांधलेले दाखवले आहेत.

स्मोकबॉक्सच्या दारावर पितळी चांदणी आहे आणि तिच्याखाली कुंकवाची पाच बोटे. दसऱ्याला इंजिनाची पूजा होते. काळ १९६२ च्या कार्तिकातला धरल्यास कुंकू फिके पडलेले, झेंडूचा हार वाळून त्याचा दोराच तेवढा दिव्याच्या आकड्याला उरलेला असणार. तो दोरा म्हणजे तांब्याच्या विजेच्या वायरमधला एक पदर आहे. कुंकवासाठी एक्स-एफ-७ लाल टाचणीच्या टोकाने लावला आणि लगेच कापसाने अर्धा पुसला. सबंध इंजिनात मला सर्वांत आवडलेली जागा हीच आहे, आणि तिला पंधरा मिनिटेही लागली नाहीत.

शेवटच्या मॅट क्लिअरने दगा दिला. पुण्यात सलग चार दिवस पाऊस होता, तरी मी घाई करून लॅकर क्लिअर मारला आणि हवेतल्या दमटपणामुळे सारे इंजिन दुधाळ झाले. रिटार्डर (सुकणे लांबवणारे द्रव्य) घातलेल्या थिनरचा अत्यंत हलका फवारा दिल्यावर पांढरेपणा बहुतेक गेला, मात्र डाव्या बाजूची लाल धूळ त्याबरोबर गेली आणि ती पुन्हा करावी लागली. आता कंप्रेसरच्या पाण्याच्या सापळ्याबरोबरच रंगवायच्या खोक्यात आधी तासभर विजेचा दिवा लावून ठेवतो आणि भिंतीवरचा आर्द्रतामापक साठच्या खाली आल्याशिवाय क्लिअरला हात लावत नाही.

‘मोरणा’ची गोष्ट वेगळी आहे. तिचा बॉयलर १९५३ मध्ये निकामी ठरला, कंपनीकडे दुरुस्तीचे पैसे नव्हते आणि सरकारने तिला कऱ्हाडच्या शेडमागच्या सायडिंगवर सोडून दिले, असे मी लिहून ठेवले आहे. म्हणून ती काळी झालीच नाही. तिच्यावर नऊ वर्षांच्या उन्हाचा हिरवा हवा आहे. मूळ मिश्रणात पांढरा घालून पाहिला तर तो पुदिन्यासारखा दिसू लागला, बफ रंगाचा एक्स-एफ-५७ घातल्यावर हवा तसा खडूसारखा निस्तेज झाला. छपराला आणि बॉयलरच्या माथ्याला हा फिका हिरवा जास्त आणि खालच्या बाजूला कमी, असा चढउतार एअरब्रशने साधला आहे. कपलिंग रॉड (चाके एकमेकांना जोडणारे दांडे) काढून फूटप्लेटवर आडवे बांधून ठेवले आहेत, कारण बंद इंजिन ओढून नेताना तसे करत. गंज अजून बाकी आहे.

तिच्या नावाच्या पितळी पाट्या काढून घेतलेल्या दाखवायच्या आहेत. पाटी जिथे होती तिथे उन्हापासून वाचलेला मूळ हिरवा आयत आणि चार बोल्टची भोके दिसली पाहिजेत. मामांचे म्हणणे आहे की पाटी शेडच्या फोरमनने घरी नेली असणार. माझ्या मते ती भंगारात गेली. दोन्ही बाबतींत रंग तोच लागतो. कॅबच्या दोन्ही बाजूंना मूळ हिरव्यावर ९ बाय २ मिलिमीटरची टेप कापून लावली आहे आणि पाऊस उघडला तर रविवारी तिच्यावरून फिका हिरवा मारायचा आहे.