रबरी कोंबड्या

शनिवार, रात्र

आज स्वेनगूली पूर्ण पाहिला. जाहिरातींसकट.

शिकागोत राहून ज्यांना तो माहीत नाही त्यांची मला कीव येते, आणि सांगलीच्या मंडळींना फोनवर तो समजावून सांगताना माझीच. डोक्यावर उंच काळी टोपी, लांब काळे केस, डोळ्यांभोवती काजळी फासलेली. असा एक गृहस्थ टीव्हीवर शवपेटीतून बाहेर येतो, जुना भुताखेतांचा सिनेमा लावून देतो आणि मधेमधे येऊन इतके पाचकळ विनोद करतो की त्याच्यावर रबरी कोंबड्या भिरकावल्या जातात.

आई राहायला आली होती तेव्हा तिने हे पाहिलं. "अगं, कोंबड्या कशाला मारतायत त्याला?"
"विनोद फालतू होता म्हणून."
"मग करतो कशाला?"

यावर काय बोलणार? पण पुढच्या शनिवारी चहाचा कप घेऊन माझ्या आधी सोफ्यावर तीच. सिनेमातलं इंग्रजी तिला अर्धंमुर्धं कळायचं, कोंबड्या मात्र पूर्ण कळायच्या.

भुताच्या सिनेमाला असा सूत्रधार देण्याचा प्रकार मुळात कंजुषीतून निघालाय, म्हणूनच मला आवडतो. १९५७ साली युनिव्हर्सलचे ५२ जुने सिनेमे एकगठ्ठा गावोगावच्या टीव्ही केंद्रांना विकले गेले. सिनेमे स्वस्तात पडले, रात्रीची वेळ रिकामीच होती, मग केंद्राने सूत्रधार म्हणून घरचाच माणूस उभा करायचा. पिट्सबर्गचा बिल कार्डिल एरवी हवामान सांगायचा. क्लीव्हलँडचा घूलार्डी म्हणजे तिथलाच निवेदक अर्नी अँडरसन. न्यूयॉर्कचा झॅकर्ली तर चालू सिनेमात मधेच स्वतःची दृश्यं घुसडायचा. त्याही आधी, १९५४ मध्ये, लॉस एंजेलिसला व्हॅम्पायरा होती. तिचं बहुतेक सगळं काम थेट प्रक्षेपणाबरोबरच हवेत विरलं. जपून ठेवावं असं तेव्हा कुणाला वाटलं नसणार.

आमचा स्वेनगूली १९७० चा. पहिला जेरी बिशप. त्याला पत्रातून विनोद लिहून पाठवणारा एक कॉलेजातला मुलगा होता, रिच कोझ. १९७९ मध्ये तोच 'स्वेनगूलीचा मुलगा' म्हणून पडद्यावर आला, आणि १९९४ च्या अखेरीस बिशपच्याच आशीर्वादाने 'मुलगा' गळून नुसता स्वेनगूली उरला. आपल्याकडे गादी चालवणं म्हणतात ते हेच. आता सत्तरी उलटली तरी पेटीतून उठतोय.

आणि कार्यक्रमात मधेच येणारं ते "बर्विन!" हे शिकागोला चिकटलेलं एक साधंसुधं उपनगर. नाव उच्चारलं की लोक हसायला लागतात. घूलार्डीने पार्मा नावाच्या उपनगराचं असंच केलं होतं. का हसायचं, ते डोंबिवलीकराला समजावून सांगावं लागणार नाही. बर्विनला आमचा दाताचा डॉक्टर आहे, त्यामुळे मला तर दुप्पट हसू येतं.

माझ्या लहानपणी असा सूत्रधार नव्हता. केबलवाला होता. शनिवारी रात्री अकरानंतर तो आपल्या व्हीसीआरवर रामसेंचा सिनेमा लावायचा, आणि ऐन थडगं फुटायच्या वेळी पडद्याच्या तळाशी साडीच्या दुकानाची पट्टी सरकायला लागायची. मागोमाग कुणा चिंटूला वाढदिवसाच्या शुभेच्छा. कॅसेट अडकली की पडदा निळा व्हायचा, आणि गल्लीतलं कुणीतरी चप्पल घालून त्याला उठवायला जायचं. त्याचा चेहरा पडद्यावर कधी दिसला नाही, पण आपण जागे आहोत तसाच तोही चार घरं सोडून जागा आहे, हे माहीत असायचं. भीती त्यानेच कमी व्हायची. दिवा लावून बसण्याचा काही उपयोग नव्हता. दिवा लावला की वडील उठायचे.

मागच्या आठवड्यात एक जुना सिनेमा मोबाइलवर लावला होता. एकही जाहिरात नाही, चित्र लख्ख. वीस मिनिटांत बंद केला. हे सिनेमे खरं तर बरेचसे टुकारच असतात, एकट्याने बघवत नाहीत. मधे कुणीतरी येऊन "हा नट आणखी कशात होता माहितीये?" असं सांगायला लागतं.

तक्रार आहेच. २०११ पासून हा कार्यक्रम देशभर दिसतो, म्हणजे ॲरिझोनातला माणूसही बर्विनला हसतो. त्याला काय कळतंय, कपाळ? शिवाय इथल्या घड्याळाने तो आता संध्याकाळी सातला लागतो. जूनमध्ये बाहेर लख्ख ऊन, शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू, आणि पडद्यावर ड्रॅक्युला. पडदे ओढून घ्यावे लागतात.

पुढच्या शनिवारी महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम आहे, साडेसहाला. म्हणजे सुरू होणार आठला. तोवर अर्धा सिनेमा तरी पदरात पडेल.