सेंदाईत झुंदा मोची करताना

जपानमधल्या सेंदाई शहरात राहायला येऊन दोन वर्षं झाली, तरी झुंदा मोची मी विकतच आणत होते. मऊ लुसलुशीत मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, आणि तिच्यावर हिरव्या दाण्यांचं जाडसर, गोड पुरण. यंदा ऑगस्टमध्ये ओबोन, म्हणजे इथला पितरांचा सण आला, तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "घरी करून बघ. आम्ही पितरांपुढे हीच ठेवतो."

हे पुरण एदामामेचं, म्हणजे पिकायच्या आत तोडलेल्या कोवळ्या सोयाबीनचं. पहिल्या खेपेला अर्धा किलो शेंगा उकडल्या, दाणे काढले आणि साखर घालून सरळ मिक्सरला लावले. रंग सुरेख आला. पण पुरण चटणीसारखं गुळगुळीत झालं होतं, आणि त्यात सालीचे चिवट तुकडे दातांत येत होते. आजींनी चमचाभर चाखलं नि विचारलं, "साल नाही काढलीस का?"

प्रत्येक दाण्यावर एक पारदर्शक पापुद्रा असतो, तो मला दिसलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेंगा जास्त वेळ उकडल्या. नुसत्या मीठ लावून खायच्या असतील तर दाणा थोडा करकरीत ठेवतात. झुंदासाठी तो बोटांत सहज चेपायला हवा. मग दाणे गार पाण्यात टाकले. चिमटीत धरून हलकेच दाबलं की दाणा सुळकन बाहेर, साल बोटांत. चार-पाच दाणे झाले आणि हातांना ओळख पटली. अलिबागला आई बिरड्याचे वाल असेच सोलायची! मोड आलेले वाल कोमट पाण्यात, परात मधे, आणि आम्ही भावंडं भोवती. अर्धा किलो शेंगांचे दाणे सोलायला मला पाऊण तास लागला, पण तो कसा गेला कळलं नाही.

वाटायला आजींनी त्यांची सुरिबाची दिली. आतून बारीक रेघा असलेलं मातीचं भांडं आणि लाकडी दांडा. दाणे आधी ठेचायचे, मग रेघांवर घासत दांडा गोल फिरवायचा. 'झुंदा' हा शब्द दाणे कुटण्यावरूनच आला असंही इथे सांगतात. अगदी लगदा करायचा नाही, थोडे दाणे अर्धवट राहू द्यायचे. चव त्यांच्यातच असते. साखर थोडी थोडी घालावी, कारण ती विरघळली की पुरण सैल पडतं. शेवटी चिमूटभर मीठ, ते मात्र विसरू नये.

मोचीसाठी पाकिटातल्या सुक्या वड्या आणल्या होत्या. त्या गरम पाण्यात मऊ केल्या, निथळल्या आणि लगेच पुरणात घोळवल्या. हे सगळं त्याच दिवशी संपवायचं. मोची कडक होते आणि पुरणाचा तो कोवळा वास उतरतो.

वाटी घेऊन गेले तेव्हा आजींनी ती आधी घरातल्या देव्हाऱ्यात, आजोबांच्या फोटोपुढे ठेवली. हात जोडले. मग दुसऱ्या वाटीतली मोची आम्ही दोघींनी ओट्याशी उभ्या राहूनच खाल्ली. "दाणा लागतोय," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक उचलली.