तुम्ही विचारलंत म्हणून: क्षमा केली, मग हिशेब कशाला?

"क्षमा केली म्हणता, मग दर महिन्याला त्यांच्याकडून पैसे कसले घेता?" हे मला देवळाच्या पायरीवर विचारलं गेलंय, मयतीला विचारलं गेलंय, आणि एकदा लग्नाच्या पंगतीत, ताटात बिर्याणी पडत असताना. दरवेळी "बोलू नंतर" म्हणून सुटलो. 'त्यांच्याकडून' म्हणजे आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) त्या माणसाकडून, ज्यांनी दानाचे पैसे घरी वापरले आणि ज्यांना आम्ही क्षमा केली. आता एकदाच लिहितो.

हुकमाचा पत्ता तुमच्याकडे आहे, कबूल. आपल्या मराठी शास्त्रात (बायबलात) प्रभूच्या प्रार्थनेत (मत्तय 6:12) शब्दच 'ऋण' असा आहे. आम्ही ऋण्यांचं ऋण सोडलं, तसं तू आमचं सोड. पण ऋण कुणाचं? माझे पाचशे कोणी बुडवले तर ते सोडायचा अधिकार माझा. दानाच्या थैलीत धुणीभांडी करणाऱ्या बाईची दहाची नोट असते. तिच्या वतीनं मी मोठ्या मनाचं व्हायचं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. शिवाय मंडळीचे पैसे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या विश्वस्त संस्थेचे आहेत, आणि ऑडिटमध्ये 'क्षमा' नावाचं खातं नसतं.

झालं ते हंगामाच्या सणाच्या लिलावात, म्हणजे देवाला वाहिलेल्या जिनसा मंडळीत विकतात तिथे. लिलावाचा हिशेब मुळातच निसरडा. कोंबड्यांची जोडी दीड हजाराला जाते, आणि एकच भोपळा तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा देवालाच देतो. कोणी रोख देतं, कोणी "पुढच्या रविवारी" म्हणतं. आमच्या वहीत रोख आणि उधार एकाच रकान्यात होते. रात्र झाली, वीज गेली, मोजणारे पांगले. ज्यांच्या हाती थैली राहिली ते घरी घेऊन गेले. त्यांच्यावर कोणाचाच अविश्वास नव्हता, आणि चूक तिथूनच सुरू झाली. एकूण बोली 37,850. उधार निघाली 6,200. म्हणजे रोख 31,650 हवी होती. बँकेत भरले गेले 13,250. फरक 18,400. सहा आठवडे हा फरक 'उधारी यायचीय' या नावाखाली झाकला गेला. पैसे घरातल्या आजारपणाला लागले होते, ऑडिटच्या आधी भरू या हिशेबानं.

मग एका रविवारी ते उपासनेत उभे राहिले, रडले, क्षमा मागितली. मंडळी "आमेन" म्हणाली. काहींनी मिठी मारली. आणि त्याच दुपारी मी त्यांच्यापुढे कागद ठेवला: मुद्दल 18,400, पाचवा हिस्सा 3,680, एकूण 22,080, दरमहा 1,840 प्रमाणे बारा हप्ते.

तुम्हाला राग आहे तो या कागदाचा. त्याच दुपारी ठेवायला नको होता, हे मान्य. पण कागद मी शोधून काढलेला नाही. लेवीय 6:5 मध्ये हेच आहे: ज्याचं घेतलं त्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, आणि तेही दोषार्पणाच्याच (दोष फेडायच्या अर्पणाच्या) दिवशी. पुणेकरांना तरी प्रायश्चित्ताचं नवल वाटू नये. 1890 साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये, ख्रिस्ती लोकांकडे, चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांवर ग्रामण्य (धर्म बाटल्याचा, बहिष्काराचा वाद) झालं, रानड्यांनी पुढे प्रायश्चित्तही घेतलं. तिथे तर कुणाचा एक पैसा बुडाला नव्हता.

तरी एक गोष्ट मला टोचते. जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत देतो (लूक 19:8), पण ते स्वतःहून. येशूनं त्याच्यापुढे कागद ठेवलेला नाही. आणि फिलेमोनाच्या पत्रात पौल फिलेमोनाच्या दासाचं, अनेसिमाचं, देणं नाकारत नाही, "माझ्या खात्यावर मांड" म्हणतो. देणं राहतं, फक्त भरणारा बदलतो. आमच्यापैकी कोणी तसं म्हटलं नाही, मीही नाही. भाऊ चुकला तर मत्तय 18:15 प्रमाणे पहिली पायरी दोघांनीच एकांतात बोलायची. सहा आठवड्यांत ती पायरी कोणीच चढलं नाही. मंडळीच्या पंचांमध्ये कुजबूज झाली, पाळकसाहेबांपर्यंत (पाद्रींपर्यंत) गेली, आणि त्या माणसावर थेट सगळ्यांसमोर उभं राहायची वेळ आली.

पूर्वी मी उलट बोलत असे. असे फरक 'किरकोळ खर्च' दाखवून मिटवावेत, माणूस महत्त्वाचा, असं माझंच म्हणणं होतं. त्या शहाण्याला आज विचारावंसं वाटतं: मिटवलेला फरक त्या माणसाच्या मनातून कधी मिटतो का? त्याचं उत्तर मला ठाऊक आहे: "आणि बारा महिने दर रविवारी तुझ्याकडे बघताना त्याला काय वाटत असेल?" यावर माझ्याकडे काही नाही.

आता आम्ही काय करतो तेही विचारता, म्हणून सांगतो. वहीत रोख आणि उधार वेगळे रकाने. प्रत्येक पानाची बेरीज त्याच वेळी, खाली सही. मोजायला दोघं, एका घरातले नकोत. पहिल्यानं नोटा किमतीनुसार लावून मोजायच्या, दुसऱ्यानं त्याचा आकडा न बघता. जुळलं नाही तर दोघांनी पुन्हा. मोजणी देवळातच, थैली घरी जात नाही. त्यातून पाळकसाहेबांचं पेट्रोलसुद्धा द्यायचं नाही. आधी सगळी रक्कम सोमवारी बँकेत, मग चेक. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच, कोणाच्या खाजगी नंबरचा नाही. हा अविश्वास वाटत असेल तर करिंथकरांस दुसरे पत्र 8:20-21 काढा. मोठी देणगी पोहोचवताना पौल सोबत माणसं देतो, कोणी बोट दाखवू नये म्हणून, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीनं चांगलं ते बघतो. योहान 12:6 मधली थैली एकाच माणसाकडे, यहूदाकडे, होती आणि तो तीतलं चोरत असे, हेही आठवा.

दहाव्या हप्त्याला मुद्दल फिटतं. उरलेले दोन, म्हणजे पाचवा हिस्सा, घ्यायचा की नाही यावर पंचांत तीन विरुद्ध तीन आहेत. माझं मत गेल्या महिन्यात एक होतं, या महिन्यात दुसरं आहे.

नववा परवा आला. पाकिटात शंभराच्या अठरा नोटा आणि विसाच्या दोन. मोजायला मी शेजारच्या बाकावरच्या भावाला बोलावलं. देणारे उभे होते, ते खाली बघत होते.