तुम्ही विचारलेत म्हणून: निकालाआधी मुलांना गुण विचारावेत का?

गेली काही वर्षे वैद्यकीय प्रवेशाची नीट ही परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होत आली आहे आणि त्याच आठवड्यात मला फोन येऊ लागतात. फोन करणारे माझ्यासारखेच पालक असतात. कुणाचा मुलगा क्लाससाठी लातूरला दोन वर्षे खोली घेऊन राहिलेला असतो, कुणाची मुलगी बारावीनंतर एक वर्ष थांबून दुसऱ्यांदा बसलेली असते. माझ्या मुलीने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे ही परीक्षा दिली आणि ती आता एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकते, हे त्यांना ठाऊक असते. इकडचे तिकडचे बोलून झाले की ते हळूच मुद्द्यावर येतात. निकालाला अजून महिना आहे, पोरगा स्वतःहून काही बोलत नाही, घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आहे. तर किती पडतील असे त्याला विचारावे की विचारू नये?

विचारू नये, असे मी सांगतो. फोनवर एवढेच सांगितले तर ते कोरडे वाटते आणि समोरच्याचे समाधानही होत नाही, म्हणून माझी कारणे इथे सविस्तर लिहीत आहे.

या परीक्षेत मुलाला आपले गुण निकालाच्या बरेच आधी कळलेले असतात, ही गोष्ट आपण पालक पुरेशी लक्षात घेत नाही. प्रश्नपत्रिकेची पुस्तिका घरी आणता येते. संध्याकाळपर्यंत क्लासवाल्यांच्या उत्तरसूच्या मोबाइलवर फिरू लागतात. पुढे परीक्षा घेणारी राष्ट्रीय चाचणी संस्था आपली तात्पुरती उत्तरसूची आणि मुलाने काळ्या केलेल्या गोलांच्या ओएमआर पत्रिकेची प्रतिमा उपलब्ध करून देते, आणि त्यानंतर तर अंदाजाचाही प्रश्न उरत नाही. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला उणे १, एकूण गुण ७२०. पाचवीतल्या मुलालाही जमेल अशी ही बेरीज-वजाबाकी आहे. निकालाच्या दिवशी जी नवी गोष्ट कळते ती म्हणजे रँक, आणि रँक ठरते ती इतरांना किती गुण पडले यावर. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक मुले या परीक्षेला बसली होती, २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक. म्हणजे आपण महिनाभर डोळ्यांत तेल घालून वाट पाहतो ती लाखो अनोळखी मुलांच्या गुणांची, आणि त्याबद्दल आपल्या पोराला कितीही खोदून विचारले तरी ते काय सांगणार?

या दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की माझे म्हणणे अधिक स्पष्ट होते. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते, कारण त्या वर्षीचा पेपर, विशेषतः भौतिकशास्त्र, फार कठीण गेला होता. माझ्या मुलीला पहिल्या वर्षी ६०७ गुण मिळाले आणि शासकीय महाविद्यालय मिळाले नाही; दुसऱ्या वर्षी ५३८ मिळाले आणि प्रवेश झाला. गेल्या वर्षीचा कट-ऑफ घेऊन यंदाच्या मुलाला जोखणारे पालक, आणि त्यांत मीही होतो, मुलावर किती अन्याय करतात हे मला त्या दोन आकड्यांनी शिकवले.

पहिल्या वर्षी मी काय केले तेही सांगायला हवे, कारण माझे उत्तर तिथूनच आलेले आहे.

५ मे २०२४ रोजी परीक्षा देऊन ती घरी आली, जेवली आणि झोपली. प्रश्नपुस्तिका तिने टेबलावर ठेवली होती. रात्री अकराच्या सुमारास मी ती उचलली आणि स्वयंपाकघरात दिव्याखाली बसलो. पर्यायांच्या बाजूला तिने परीक्षा केंद्रात मिळालेल्या काळ्या पेनाने बारीक टिंबे दिलेली होती. काही ठिकाणी दोन पर्यायांपुढे टिंबे होती आणि त्यांतले एक खोडलेले होते. जीवशास्त्राच्या एका पानावर समासात आकडेमोड होती, जी मागच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नाची असावी. त्या वर्षीपर्यंत प्रत्येक विभागाच्या दुसऱ्या भागात १५ पैकी १० प्रश्न सोडवायचे असत, त्यामुळे तिने नेमके कोणते दहा घेतले हे पुस्तिकेवरून नीट कळत नव्हते. जिथे शंका आली तिथे मी तिच्या बाजूने निर्णय घेतला. दीड तास बसून मी ६२६ हा आकडा काढला, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो लिहिला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मामाला फोनवर सांगून टाकला. चार दिवसांत तो आकडा सगळ्या नात्यागोत्यात पोहोचला. तिला मी एका शब्दानेही विचारले नव्हते, याचे मला त्या वेळी समाधानच वाटत होते.

मे महिन्याच्या अखेरीस ओएमआरची प्रतिमा आली, तेव्हा तिने एकटीने बसून आपले गुण मोजले. ते ६१२ होते. ही गोष्ट तिने आम्हाला सांगितली नाही, कारण तोवर घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘सव्वासहाशे म्हणजे काम झालेच’ असे म्हणत होता आणि मी ते ऐकून घेत होतो. पाच-सहा दिवस ती हे मनात ठेवून आमच्यात वावरत होती. ४ जूनला, लोकसभेची मतमोजणी टीव्हीवर चालू असताना, जाहीर तारखेच्या दहा दिवस आधी अचानक निकाल लागला. अर्ज क्रमांक माझ्या मोबाइलमध्ये होता, म्हणून निकाल मीच आधी उघडला आणि माझ्या तोंडून ‘चौदा कमी कसे झाले?’ असे निघून गेले. पोटच्या पोरीला ७२० पैकी ६१२ गुण पडले आहेत आणि बापाने विचारलेला पहिला प्रश्न हा! ते चौदा गुण तिचे कधीच नव्हते, ते मी स्वयंपाकघरात बसून तिला दिले होते. त्याच्याही वर रँक पाहून आम्ही सुन्न झालो, कारण आदल्या वर्षी तेवढ्याच गुणांना जी रँक मिळाली असती, तिच्या दुपटीहूनही ती मागे होती.

पुढचे दोन महिने कसे गेले हे त्या वर्षीच्या पालकांना सांगायला नको. पेपरफुटीच्या बातम्या, वेळ वाया गेला म्हणून १५६३ जणांना दिलेले आणि नंतर रद्द झालेले वाढीव गुण, त्यांच्यासाठी २३ जूनची फेरपरीक्षा, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा. संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास न्यायालयाने २३ जुलैला नकार दिला. त्याच प्रकरणात भौतिकशास्त्राच्या अणूविषयीच्या एका प्रश्नाला दोन पर्याय बरोबर धरले गेल्याचा मुद्दा पुढे आला आणि आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर ठरवला. पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे उत्तर लिहिणाऱ्या लाखो मुलांचे ४ गुण गेले आणि वर उणे १ बसला. माझ्या मुलीकडे तेच जुने पुस्तक होते, तिच्या मोठ्या चुलतभावाचे. २६ जुलैच्या सुधारित निकालात ६१२ चे ६०७ झाले. त्या संध्याकाळी ती एवढेच म्हणाली, “बाबा, माझे मार्क तुम्ही सगळ्यांनी मिळून आता कितीदा मोजलेत?”

म्हणून मी विचारू नका म्हणतो. विचारण्यात माया असते हे मला मान्य आहे, पण त्या प्रश्नाला मूल जे उत्तर देईल ते त्याच क्षणी घराचा आकडा होते, आणि प्रत्यक्ष निकाल मग त्या आकड्याशी ताडून पाहिला जातो. मी तर न विचारताच तो आकडा तयार केला होता. त्यामुळे तोंडाने न विचारणे पुरेसे नाही. पाठीमागे मोजणेही नको, हे मी फोनवर मुद्दाम सांगतो.

काही जण यावर विचारतात की काहीच न बोलल्याने मुलाला आपण बेफिकीर आहोत असे वाटणार नाही का. ही शंका रास्त आहे. दुसऱ्या वर्षी, ४ मे २०२५ ला, परीक्षा केंद्राबाहेर ती आली तेव्हा अनेक मुले-मुली रडत होती. आम्ही घरून ठरवून गेलो होतो त्याप्रमाणे मी तिला म्हणालो, “तुझे काम झाले. तुला जेव्हा सांगावेसे वाटेल तेव्हा मी ऐकायला आहे.” त्यानंतर अर्ज क्रमांकाचा कागद तिच्या हाती दिला आणि माझ्या मोबाइलमधली नोंद तिच्यासमोर पुसून टाकली, म्हणजे निकाल आधी मी पाहू शकणार नव्हतो. नातेवाइकांचे फोन मी घेतले आणि सर्वांना एकच सांगितले, की निकाल लागला की आम्हीच कळवू. दोन जण दुखावले. ते दुखावणे मी पत्करले.

हातावर हात ठेवून बसणे मात्र कुणालाच जमत नाही, आणि बसायची गरजही नाही, कारण या महिन्यात पालकांनीच करायची कामे पुष्कळ असतात. देशपातळीवरच्या १५ टक्के जागांची प्रक्रिया दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती करते आणि राज्याच्या वाट्याच्या जागांची आपला सीईटी कक्ष. दोन्हींची नोंदणी वेगळी असते आणि निकालानंतर मुदती भराभर येतात. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला, लागू असेल तर जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, एक वर्ष थांबलेल्या मुलांसाठी गॅपचे प्रतिज्ञापत्र, हे सगळे आता काढून ठेवावे. नॉन-क्रिमीलेअरवर ३१ मार्चपर्यंत वैध असे लिहिलेले असते, ते कोणत्या वर्षीचे आहे हे बारकाईने पाहावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव एक आणि आधारवर मुलाच्या नावाचे स्पेलिंग दुसरेच, असे घरोघरी असते. आमच्याकडे तिच्या आडनावातले एक अक्षर जास्त होते आणि ते दुरुस्त करायला मला सेतू केंद्रात चार खेपा घालाव्या लागल्या. त्या खेपांनी मला फार आधार दिला हे मनापासून सांगतो. मुलीसाठी काहीतरी करतो आहे असे वाटे, आणि त्याचा भार तिच्यावर पडत नसे.

तात्पुरत्या उत्तरसूचीवर आक्षेप घ्यावा का, असेही विचारले जाते. एका प्रश्नाला २०० रुपये भरावे लागतात आणि ते परत मिळत नाहीत. मुलाने सांगितले आणि त्याच्याकडे पुस्तकाचा आधार असला तर जरूर भरावे. आपल्या मनाने भरू नये.

दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, पशुवैद्यक यांचेही राज्यातले प्रवेश नीटच्याच गुणांवर होतात, ही माहिती आपण वाचून ठेवावी, पण जेवणाच्या ताटावर काढू नये. निकालाआधी काढलेला दुसरा पर्याय मुलाला ‘यांचा माझ्यावर भरवसा नाही’ असाच ऐकू येतो. पुन्हा एक वर्ष थांबण्याची गोष्टही तशीच. ती मुलाने काढावी.

एका बाबतीत मात्र गप्प राहू नका. मूल नीट जेवत नसेल, रात्र-रात्र जागत असेल, आपण गेलो तर सुटू अशा अर्थाचे अगदी सहज बोलले असेल, तर निकालाची वाट न पाहता त्याच्याजवळ बसा, त्याला थेट विचारा आणि त्याला एकटे सोडू नका. टेली मानस ही सरकारची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते. आम्ही तो क्रमांक पहिल्या वर्षीच्या जुलैमध्ये लावला होता, आणि लावला हे बरे केले.

२०२५ चा निकाल १४ जूनला, शनिवारी लागला. मी घरीच होतो. तिच्या खोलीचे दार लोटलेले होते आणि शेजारच्या घरातून निकाल लागल्याचे मला कळले होते, तरी मी बाहेरच्या खोलीत दाखल्यांच्या झेरॉक्स क्रमाने लावत बसलो. पत्नी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. अर्ध्या तासाने मुलगी बाहेर आली. तिच्या हातात मे महिन्यापासून कपाटात पडून असलेली ती प्रश्नपुस्तिका होती, आणि ती तिने माझ्यासमोर झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर ठेवली.

“बाबा, आता तपासा,” ती म्हणाली आणि माझ्या शेजारी बसली. भौतिकशास्त्राचे पान तिनेच उघडले आणि ज्या प्रश्नावर तिची सात मिनिटे गेली होती, तो मला पहिल्या ओळीपासून समजावून सांगू लागली.