ग्रँड पोर्टेजला बाबांनी मांडलेला हिशेब

बाबांचं सगळं आयुष्य सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत गेलं, त्यामुळे त्यांना कुठेही न्या, ते आधी तिथला धंदा काय ते बघतात आणि देखावा मग सवडीने. यंदा उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे मिनियापोलिसला होते आणि ऑगस्टच्या दुसऱ्या वीकेंडला ग्रँड पोर्टेजला राँदेव्हू डेज (जुन्या काळच्या कातड्यांच्या व्यापाराची आठवण म्हणून भरणारी जत्रा) असतात म्हणून आम्ही तिकडे गेलो. मिनेसोटाचं अगदी वरचं टोक, लेक सुपीरियरच्या काठाने हायवे ६१ धरून जात राहायचं, कॅनडा लागायच्या थोडंसं आधी. किल्ला बघायला जायचंय एवढंच ऐकून बाबांनी ट्रेकचे बूट घातले होते 😄

तिथे ना तट ना बुरूज ना तोफ. लाकडी खांबांचं उंच कुंपण, आत एक मोठा हॉल, स्वयंपाकघर, बाहेर कनू (म्हणजे वल्ह्यांच्या लांब, निमुळत्या होड्या) ठेवायची वखार. कुंपण होतं ते मालासाठी, लढाईसाठी नाहीच. बाबा फिरून आले आणि म्हणाले, "अगं हा कसला किल्ला, ही तर राजापूर-सुरतेला इंग्रजांची होती तसली वखार." बरोबरच आहे! नॉर्थ वेस्ट कंपनी नावाची माँट्रियलची कंपनी, मालक बहुतेक स्कॉटिश, १७८० च्या दशकापासून १८०३ पर्यंत त्यांचं इथे मोठं ठाणं होतं. दर उन्हाळ्यात माँट्रियलहून ब्लँकेटं, भांडी, मणी, बंदुका, दारू घेऊन मोठ्या कनू यायच्या आणि आतल्या जंगलातून कातडी घेऊन लहान कनू यायच्या, दोघांची गाठ इथे. मालाची अदलाबदल, भागीदारांच्या मीटिंगा, हिशेब, नाचगाणी, भांडणं, सगळं त्या काही आठवड्यांत उरकायचं.

आता त्या वीकेंडला शेकडो हौशी लोक १७९० च्या दशकातले कपडे घालून कॅनव्हासच्या तंबूत राहतात. कमरेला रंगीत पट्टा, पायात हरणाच्या कातड्याच्या मोकॅसिन. कोणी लोहारकाम करतंय, कोणी चकमक घासून आग पेटवतंय, एक बाई बर्चच्या सालीची कनू स्प्रूस झाडाच्या मुळ्यांनी शिवून दाखवत होत्या, वरून फटींना डिंक. खिळा नाहीच कुठे. आई तिथेच बसली, शिवण दिसलं की ती हलत नाही.

मला खरं सांगायचं तर अशा ठिकाणी थोडं अवघडल्यासारखं होतं. सगळे इतके हसतमुख, मोठ्या हॉलमध्ये पांढरे टेबलक्लॉथ, म्हणजे इतिहास म्हणजे एक लांबलेली पिकनिकच वाटते. पण बाबा प्रश्न विचारायला लागले आणि गंमत बदलली. एका दाढीवाल्या क्लार्कला (म्हणजे क्लार्क झालेल्या माणसाला) त्यांनी थेट विचारलं, उधारी कशी होती? तो जो खुलला! शरद ऋतूत शिकाऱ्याला माल उचल म्हणून द्यायचा, वसंतात त्याने कातडी आणून फेड करायची. माल लंडनहून मागवायचा, माँट्रियलला यायचा, तिथून इथे, इथून आत, मग कातडी उलटी लंडनला जाऊन विकली जायची, पैसे हातात पडेपर्यंत तीन-चार वर्षं. बाबा म्हणाले एवढं भांडवल अडकवून बसायचं म्हणजे छाती पाहिजे, आणि मग लगेच, "पण तोटा कोणाच्या अंगावर टाकायचे?"

याचं उत्तर तिथेच पडलं होतं, एका गठ्ठ्याच्या रूपात. व्हॉयाजूर म्हणजे कनू वल्हवणारे फ्रेंच-कॅनेडियन कामगार. पिजन नदीच्या शेवटच्या टप्प्यात मोठमोठे धबधबे, त्यातला एक १२० फूट, तिथून कनू जाऊच शकत नाही, म्हणून साडेआठ मैल जंगलातून माल पाठीवर न्यायचा. एक गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे ४१ किलो, आणि एका वेळी दोन घ्यायचे, कपाळावर चामड्याचा पट्टा लावून. अलेक्झांडर मॅकेन्झी स्वतः या कंपनीत भागीदार होता, त्याने लिहून ठेवलंय की माँट्रियलहून आलेल्या प्रत्येकाला असे आठ गठ्ठे पलीकडे पोचवणं बंधनकारक होतं, त्याच्यावर नेला तर गठ्ठ्याला एक स्पॅनिश डॉलर. आणि काही जण दोन गठ्ठे नेऊन येताना दुसरे दोन घेऊन सहा तासांत परत आलेले त्याने पाहिलेत. बाबांनी गठ्ठा उचलून बघितला, पट्टा लावला, चार पावलं टाकली, ठेवला. आमच्या यार्डात हमाल शंभर किलोचं पोतं उचलायचे पण ट्रकपासून गोडाऊनपर्यंत, म्हणाले, साडेआठ मैल नाही.

आणि जेवण? तेही मॅकेन्झीनेच लिहून ठेवलंय. हॉलमध्ये साहेबांना बीफ, हॅम, मासे, हरणाचं मांस, लोणी, वाईन, चहा, दुधासाठी गायीसुद्धा पाळलेल्या. कनूवाल्यांना मका आणि वितळवलेली चरबी. झोपायला उलटी केलेली कनू. कंपनीच्याच दुकानातून तंबाखू, कपडे, दारू उधारीवर घ्यायचे आणि पुष्कळ जण कर्जातच अडकून राहायचे. बाबांना यातलं काहीच नवीन वाटलं नाही, मान हलवत ऐकत होते.

एवढं सगळं कशासाठी तर युरोपातल्या टोप्यांसाठी, लोक्स! कातडी मुख्यतः बीव्हरची, म्हणजे पाण्याकाठी राहणारा दाट केसांचा प्राणी. त्याच्या आतल्या बारीक केसांना खवले असतात, ते एकमेकांत अडकून फेल्ट (केस दाबून केलेलं जाड कापड) घट्ट होतं. एके काळी तर वर्ष-दोन वर्षं अंगावर वापरलेल्या झग्यांच्या कातड्याला जास्त भाव होता, कारण वरचे राठ केस आपोआप झडलेले असायचे. सेकंडहँड माल महाग, हे बाबांना भयंकर आवडलं.

पुढे सीमा ठरली, ही जागा अमेरिकेच्या बाजूला आली, टॅक्सची भीती, म्हणून कंपनी चंबूगबाळं उचलून आजच्या थंडर बे ला गेली. इथले मूळ रहिवासी अनिशिनाबे लोक मात्र कुठेच गेले नाहीत. कनू त्यांची, वाट त्यांची, रानातला तांदूळ आणि मेपलची साखर त्यांची, शिकार त्यांची, आणि आज हे सगळं त्यांच्याच रिझर्व्हेशनमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या प्रदेशात आहे. १९६० ला नॅशनल मॉन्युमेंट झालं त्याला जमीनसुद्धा ग्रँड पोर्टेज बँडने (म्हणजे इथल्या अनिशिनाबे समाजाने) दिलेली, आता पार्क सर्व्हिस आणि बँड मिळून चालवतात.

त्याच वीकेंडला जवळच त्यांचा पाऊवाऊ, म्हणजे ढोल आणि नाचाचा मेळावा असतो आणि माझं स्पष्ट मत, एकच करायचं असेल तर तिकडे जा. ढोल सुरू झाला की पायाखाली कळतो. जिंगल ड्रेस (छोट्या धातूच्या नळ्या लावलेला, वाजणारा झगा) घातलेल्या बायका, पोरंटोरं, काठी टेकत आलेले म्हातारे, आधी झेंडे आणि माजी सैनिक, सगळे उभे. इथे कोणी कोणाची भूमिका करत नाहीये, त्यांचं घर आहे, आपण पाहुणे. सगळ्यांनी या असं माईकवर सांगितल्यावर आई गेली नाचायला, बाबांनी फ्राय ब्रेडचा (तळलेल्या पावाचा) भाव विचारला.

जाणार असाल तर राहायची सोय खूप आधी बघा, नाहीतर ग्रँड मरे (Grand Marais) या गावापर्यंत मागे यावं लागतं. एन्ट्री फी नाही. डासांचा स्प्रे न्याच. पाऊवाऊत फोटो काढायच्या आधी माईकवर काय सांगतात ते ऐका, काही वेळा मनाई असते. आणि मोबाईल मधूनच कॅनडाचा टॉवर पकडतो आणि घड्याळ एक तास पुढे जातं, आमचं पूर्ण घर त्यामुळे तासभर आधी उठून बसलं होतं.