ग्रीन अ‍ॅरो क्विव्हर, १ नग

परदेशातून मागवलेले एक कॉमिक मुंबईत पोहोचूनही बारा दिवस माझ्या हाती पडले नाही. त्या बारा दिवसांचा राग अजून पुरता ओसरलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर पूर्वी जुनी पुस्तके मांडलेली असत. २००३ च्या सुमारास तेथे मला ‘ग्रीन अ‍ॅरो’चा एक सुटा अंक मिळाला. हा नायक १९४१ पासूनचा. ऑलिव्हर क्वीन नावाचा हा धनिक अंगी कोणतीही अलौकिक शक्ती नसताना केवळ धनुष्यबाणाच्या बळावर स्टार सिटीतल्या गुन्हेगारांचा परस्पर बंदोबस्त करतो. १९९५ मध्ये लेखकांनी त्याला विमानाच्या स्फोटात मारले होते. माझ्या हाती आलेला अंक त्याच्या पुनरागमनाच्या दहा अंकी कथेतला, आणि नेमका मधला होता. चित्रपट दिग्दर्शक केव्हिन स्मिथ यांनी लिहिलेल्या आणि फिल हेस्टर यांनी चितारलेल्या या कथेत ऑलिव्हर परत येतो, पण केवळ देहाने. त्याचा आत्मा स्वर्गातच राहिलेला असतो. असा रिकामा देह म्हणजे सैतानी शक्तींना उघडे दार. त्यामुळे एकीकडे एट्रिगन हा राक्षस त्याच्या मागे लागतो, तर दुसरीकडे काळ्या जादूच्या आधाराने अमर होऊ पाहणारा एक म्हातारा त्या देहावर डोळा ठेवून असतो. बाणाने चोर अडवता येतो, मंत्र कसा अडवणार, हा प्रश्न मला वीस वर्षे छळत होता. शेवटी एका परदेशी विक्रेत्याकडे २००२ ची बांधीव आवृत्ती साडेतीन हजार रुपयांना मिळाली आणि मी ती मागवली. पैसे भरणे, आधार क्रमांक देणे, खोके मुंबईच्या विमानतळावर उतरणे, हे सारे सुरळीत पार पडले.

या पुस्तकाचे नाव ‘क्विव्हर’, म्हणजे बाणांचा भाता. विक्रेत्याने बिलावर तेवढेच लिहिले होते: ग्रीन अ‍ॅरो क्विव्हर, १ नग. ते पुस्तक आहे, असा शब्द कोठेही नव्हता.

तिसऱ्या दिवशी कुरियर कंपनीतून फोन आला. समोरच्या तरुणीने अतिशय नम्रपणे सांगितले की, हिरव्या बाणांचा भाता खेळण्यांमध्ये धरला आहे, तेव्हा त्यावर ७० टक्के मूळ सीमाशुल्क व इतर कर भरावे लागतील, आणि आयात केलेल्या खेळण्याला भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र लागते, तेही जोडावे. मागितलेली रक्कम पुस्तकाच्या किमतीच्या जवळपास होती. मी म्हणालो, “मॅडम, ते पुस्तक आहे.” त्यावर तिने विचारले, “पण सर, क्विव्हर म्हणजे बाण ठेवायची पिशवीच ना?” शब्दार्थ अचूक होता, त्यामुळे मला क्षणभर काही बोलता येईना.

त्यानंतर माझा रोज सकाळी फोन आणि रोज नवा माणूस. प्रत्येकाला ऑलिव्हर क्वीनची कथा पहिल्यापासून सांगावी लागे. एकाने बाणांना टोके धातूची आहेत का, अशी लेखी विचारणा केली. दुसऱ्याने मुखपृष्ठाचे चित्र मागितले, आणि ते पाहून त्याची खात्रीच पटली, कारण चित्रात धनुष्य ताणलेला माणूस होता. खोके उघडून बघा, असे मी चार वेळा सुचवले. सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ते उघडता येत नाही, असे चारही वेळा उत्तर मिळाले. वर्णन रिकामे राहिले की त्यात सीमाशुल्काच्या दरपत्रकातले कोणतेही प्रकरण शिरू शकते, हे मला तेव्हा कळले. ऑलिव्हरच्या देहाचे जे झाले तेच माझ्या खोक्याचे झाले होते.

सातव्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि मुलुंडहून घाटकोपर, तेथून मेट्रोने मरोळ नाका असा प्रवास करून त्यांचे कार्यालय गाठले. तेथील एका वयस्क कर्मचाऱ्याने प्रथमच कामाचे वाक्य उच्चारले: “साहेब, कथा नको, आयएसबीएन द्या.” म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. (हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर माझी रजा वाचली असती.) मी विक्रेत्याच्या पानावरून क्रमांक उतरवून दिला, तर तो दहा आकडी निघाला आणि त्यांचा अर्ज तेराच आकडे घेई. तेरा आकडी पद्धत जानेवारी २००७ मध्ये लागू झाली, त्याआधीची पुस्तके दहा आकडीच असतात. मी घाईने पुढे ९७८ लावले, आणि दोन दिवसांनी ‘क्रमांक अवैध’ असा निरोप आला. दहावा आकडा हा तपासणीचा असतो. ९७८ लावल्यावर तो टाकून नव्याने काढावा लागतो. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज करायची आणि ती दहाच्या पटीपर्यंत न्यायला जेवढे कमी पडेल तो तेरावा आकडा. काही कमी पडत नसेल तर शून्य. हा आकडा मी बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने काढला आणि तो बरोबर निघाला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या क्रमांकासोबत मी एक छोटे पत्रही जोडले: ही वस्तू छापील पुस्तक असल्याने सीमाशुल्काच्या प्रकरण ४९ मध्ये येते, खेळण्यांच्या प्रकरण ९५ मध्ये नव्हे. छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पापासून ५ टक्के सीमाशुल्क आहे, ते भरायला मी पहिल्यापासून तयार होतो. तिसऱ्या दिवशी खोके सुटले.

मध्यंतरी एका मित्राने विक्रेत्याला बिलावर ‘भेटवस्तू’ लिहायला सांग, असा सल्ला दिला होता. तो ऐकू नये, कारण भेटवस्तूंची पाच हजारांपर्यंतची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली आहे. त्याऐवजी मागणी नोंदवतानाच विक्रेत्याला ‘छापील कॉमिक पुस्तक’ हे शब्द आणि आयएसबीएन बिलावर घालायला सांगावे. दूरध्वनीवर बोलण्यात वेळ घालवू नये. सारे ईमेलने कळवावे, म्हणजे रोजच्या नव्या माणसाला जुनी कथा वाचता तरी येते.

पुस्तक मी एका रात्रीत संपवले. मंत्र कसा अडवतात ते कळले, पण ते येथे सांगणार नाही. कंपनीने लावलेले हाताळणी शुल्क मात्र सीमाशुल्कापेक्षा जास्त निघाले, आणि त्याच्या पावतीवर वस्तूचे वर्णन अजूनही ‘ग्रीन अ‍ॅरो क्विव्हर, १ नग’ असेच आहे.