मागुरीच्या पाण्यावर

पहाटे नाव बीलमध्ये शिरली तेव्हा धुकं पाण्याला चिकटून होतं. अशा उथळ, गवताळ पाणथळीला आसामात बील म्हणतात. तिनसुकिया जिल्ह्यातलं मागुरी-मोटापुंग पक्ष्यांसाठी नावाजलेलं. चक्रवाकांची जोडी दिसली म्हणून मी दुर्बीण लावली, तर नावाडीदादांनी बांबू रोवून नाव थांबवली. "बाइदेउ," म्हणजे ताई, "तिकडे बघा." झाडांच्या रांगेपलीकडे मला काहीच दिसेना. बागजानची पाच नंबरची तेलविहीर त्याच दिशेला होती.

२७ मे २०२० रोजी, दुरुस्ती चालू असताना, त्या विहिरीतून वायू उसळला. त्याच्याबरोबर येणारं हलकं तेल तुषारांसारखं चहाच्या रोपांवर, छपरांवर आणि या पाण्यावर पडत राहिलं. मासे मरून वर आले. एक डॉल्फिनही मेलेला सापडला. ९ जूनला आग भडकली, आग विझवणारे दोन कर्मचारी दगावले. विहीर बंद व्हायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. तोवर हजारो माणसं छावण्यांत, आणि तेही करोनाच्या दिवसांत.

दादा आगीपेक्षा आवाजाबद्दल जास्त बोलले. रात्रंदिवस तो घोंगावणारा आवाज. घरातल्या घरात ओरडून बोलावं लागायचं. जमीन हलायची.

भरपाईचं विचारलं तर ते गप्प झाले. मग म्हणाले, जळलेलं घर मोजता येतं, बील कसं मोजायचं? पाण्याचा उतारा कुणाच्याच नावावर नसतो, आणि इथली निम्मी कमाई त्या पाण्यातूनच येते. मला हाच सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

लोक मात्र बसून राहिले नाहीत. रस्ते अडवले, मोर्चे काढले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं, न्यायमूर्ती बी. पी. कटकी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शेजारच्या दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाखालचं तेल बाहेरून तिरप्या विहिरी खोदून काढायला २०२० मध्येच पर्यावरण मंजुरी मिळाली होती. त्याविरुद्ध याचिका झाली आणि त्या डिसेंबरात गुवाहाटी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ज्या वर्षी बील जळत होतं, त्याच वर्षी आणखी विहिरींना परवानगी! हे मला अजून पचत नाही.

परतताना दादांनी मोबाइल काढून दाखवला. तेलाचा तवंग, पालथे मासे, काळवंडलेलं गवत. एकेक फोटो तारखेसकट. फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून मुलगा पुसून टाका म्हणतो. ते पुसत नाहीत. पुढच्या सुनावणीला कुणी मागितले तर, म्हणाले, आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पुन्हा खिशात ठेवला.